पैसा कोण देतंय? : टीव्हीवरचं घर आणि लिंबायतचं घर

माझ्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट आहे. तिच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय : एकूण खर्च 2,50,000 रुपये, दिवस 21. ही शीट मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घराच्या दुरुस्तीसाठी बनवली होती. काम संपलं तेव्हा खर्च झाला होता 3,82,000 रुपये आणि दिवस लागले होते 71. मधल्या 1,32,000 रुपयांसाठी मम्मीच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत.

कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराने केलेला हिशोब इतका कसा चुकला, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला. उत्तर शोधताना लक्षात आलं की बेरीज बरोबर होती. चुकलं होतं ते हे, की मी खर्चाची यादी टीव्ही बघून केली होती. त्या यादीत काय नव्हतं आणि का नव्हतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी घराविषयी. 'सुरतेत मराठी माणसं राहतात का?' असं वाङ्मय मंडळात मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. राहतात, आणि भरपूर राहतात. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, नवागाम या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या खानदेशी लोकांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. भुसावळहून निघालेली ताप्ती लाइन थेट सुरतेत येते, त्याच गाडीने माझे आजोबा आले आणि मागावर कामाला लागले. पप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये आहेत. मम्मी घरबसल्या साड्यांना स्टोन चिकटवते. आमचं घर म्हणजे 12 बाय 40 चं रो-हाउस, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या.

लिंबायतमधून मीठी खाडी जाते. नाव मीठी असलं तरी पावसाळ्यात ती फार कडू वागते. सुरतेत तापीचा पूर वेगळा आणि खाडीपूर वेगळा. तापीला उकाई धरणातून पाणी सोडलं की बातमी आधी येते. खाडी मात्र रात्रीत भरते आणि सकाळी पाणी थेट घरात. जून 2025 मध्ये असंच झालं. पाणी ओसरलं, पण भिंतींना गुडघाभर ओल राहिली, प्लास्टर फुगलं आणि फरशीखालची माती बसली. घराला हात लावणं भागच होतं.

त्याच सुमारास ताईला आणि मला घरं बदलून दाखवणाऱ्या कार्यक्रमांचं वेड लागलं होतं. ते तुम्हीही पाहिले असतील. पडकं घर, हसतमुख डिझायनर, हातोड्याने भिंत पाडणारा मालक आणि शेवटी पडदा बाजूला झाल्यावर रडणारी बाई. एका रात्री आजी आमच्यासोबत मोबाइलवर तो प्रकार बघत बसली. तिला इंग्रजी कळत नाही, पण चित्र कळत होतं. संपल्यावर तिने अहिराणीत एवढंच विचारलं, "पन रे, पैसा कोन दी ऱ्हायना?" म्हणजे, पण पैसा कोण देतंय? ताई आणि मी हसलो. आज वाटतं, कॉमर्सच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा होता तो प्रश्न आजीने विचारला होता.

टीव्हीवर पैसा कोण देतो?

या कार्यक्रमांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींत पैसा वेगवेगळ्या खिशातून येतो.

पहिला प्रकार म्हणजे घर फुकट मिळण्याचा. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 2003 ते 2012 या काळात 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन' नावाचा कार्यक्रम चालला. गरजू कुटुंबाला आठवडाभर सुट्टीवर पाठवायचं आणि सात दिवसांत त्यांचं घर नव्याने उभं करायचं. खर्च वाहिनी एकटी करत नसे. स्थानिक बिल्डर मजुरी आणि साहित्य देणगी म्हणून देत, शेकडो लोक रात्रंदिवस राबत, आणि सिअर्ससारखी मोठी दुकानसाखळी प्रायोजक म्हणून वस्तू देई. बिल्डरची जाहिरात होई, दुकानाचा माल विके, वाहिनीला प्रेक्षक मिळत. थोडक्यात, घर ही जाहिरातीची जागा होती.

पण फुकट मिळालेलं घरही फुकट राहत नाही. घर मोठं झालं की त्याची किंमत वाढते, किंमत वाढली की घरपट्टी वाढते, खोल्या वाढल्या की विजेचं बिल वाढतं. मिळकत मात्र तेवढीच राहते. जॉर्जिया राज्यातल्या एका कुटुंबाला 2005 मध्ये या कार्यक्रमातून भलंमोठं घर मिळालं. त्यांनी धंद्यासाठी ते घर तारण ठेवून साडेचार लाख डॉलरचं कर्ज काढलं, आणि 2008 मध्ये घर जप्तीच्या दारात उभं राहिलं. कार्यक्रमाने त्यांना भिंती दिल्या होत्या, दर महिन्याचं उत्पन्न दिलं नव्हतं.

दुसऱ्या प्रकारात खर्च मालकच करतो. 'प्रॉपर्टी ब्रदर्स', 'फिक्सर अप्पर', 'लव्ह इट ऑर लिस्ट इट' हे कार्यक्रम या जातीचे. बघताना वाटतं की टीव्हीवाले घर करून देतात. प्रत्यक्षात बांधकामाचे पैसे घरमालकाचे असतात. डिझायनरचा वेळ आणि काही वस्तू त्याला कार्यक्रमामुळे मिळतात, पण गवंड्याचं बिल तोच भरतो. 'लव्ह इट ऑर लिस्ट इट'मध्ये भाग घेतलेल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जोडप्याने 2016 मध्ये निर्मात्यांवर खटलाच भरला. आपण भरलेल्या पैशांतला मोठा भाग ठेकेदारापर्यंत पोहोचलाच नाही आणि काम निकृष्ट झालं, असा त्यांचा दावा होता. निर्मात्यांनी आरोप फेटाळले. कोण खरं हा भाग सोडला, तरी एक गोष्ट त्यातून साऱ्यांना कळली : पैसे घरमालकाने भरले होते.

याच प्रकारात सजावटीची एक गंमत आहे. शेवटच्या दृश्यात जो सोफा, दिवा, गालिचा, भिंतीवरची चित्रं दिसतात, त्यांतलं पुष्कळसं सामान फक्त चित्रीकरणापुरतं आणलेलं असतं. हवं असेल तर मालकाने वेगळे पैसे मोजून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन घेऊन जातो. पडद्यावर दाखवलेल्या बजेटमध्ये ते नसतं. 'फिक्सर अप्पर'चे चिप आणि जोअॅना गेन्स हे टेक्सासमधल्या वेको गावचं जोडपं. त्यांनी 2015 मध्ये तिथे 'मॅग्नोलिया' नावाची मोठी बाजारपेठच उघडली. कार्यक्रमात घर बघायचं आणि दुकानात तशाच वस्तू घ्यायच्या. कमाईचा मोठा रस्ता तिकडून जातो.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा, म्हणजे खुद्द कंपनीनेच काढलेला कार्यक्रम. एशियन पेंट्सच्या 'व्हेअर द हार्ट इज' या मालिकेत नामवंतांची घरं दिसतात. रंगाची कंपनी सुंदर भिंती दाखवते, यात लपवाछपवी काही नाही. 2022 मध्ये मिर्ची प्लसवर 'ड्रीम होम्स विथ गौरी खान' आला. त्यातली घरं आणि जागा सिनेमातल्या लोकांच्या. बघायला छान वाटतं. फक्त त्यावरून लिंबायतच्या घराचं बजेट काढायचं नसतं. मी नेमकं तेच केलं.

कॅमेरा काय मोजत नाही

इंग्लंडमध्ये बीबीसीवर 1996 ते 2004 'चेंजिंग रूम्स' चालत असे. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची एकेक खोली बदलायची, वेळ दोन दिवस, बजेट सुरुवातीला 500 पौंड. लोकांना वाटलं, वा, 500 पौंडांत खोली होते. पण त्या आकड्यात डिझायनरची फी नव्हती, सुताराची मजुरी नव्हती, मालकांनी स्वतः केलेल्या कामाची किंमत नव्हती. 500 पौंड होते फक्त सामानाचे. एका भागात तर डिझायनरने लटकत्या फळ्या केल्या, त्यांवर घरमालकिणीचा जुन्या मौल्यवान किटल्यांचा संग्रह मांडला, आणि रात्रीतून फळ्या कोसळून किटल्यांचा चुरा झाला. घाईत केलेल्या कामाची किंमतही बजेटमध्ये लिहिलेली नसते.

माझी शीट या 500 पौंडांसारखीच होती. टाइल्स 45,000, रंग 25,000, फॉल्स सीलिंग 30,000, किचनचा ओटा आणि कपाटं 60,000, बाथरूम 40,000, लाइट 15,000, मजुरी 35,000. एकूण अडीच लाख. परत एकदा यादी वाचा. शेवटची मजुरी सोडली तर प्रत्येक ओळ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूची आहे. फोटोत जे येत नाही, ते माझ्या शीटमध्ये नव्हतं.

वेळेचंही तसंच. टीव्हीवर फरशी फोडताना दोन मिनिटं जातात आणि पुढच्या दृश्यात नवी फरशी बसलेली असते. मधलं सिमेंट वाळायला लागणारे दिवस कापलेले असतात. प्लास्टर ओलं असताना पुट्टी मारली तर ती पोपडे धरून निघते, त्यामुळे थांबावंच लागतं. थांबलेल्या दिवसाचंही भाडं भरावं लागतं, कारण तुम्ही दुसरीकडे राहत असता.

नफ्याचं टीव्हीवरचं गणित

काही कार्यक्रम घर विकत घेऊन, सुधारून, लगेच विकणाऱ्यांचे असतात. 2013 ते 2022 चाललेला 'फ्लिप ऑर फ्लॉप' त्यातला गाजलेला. अशा कार्यक्रमांत शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत नफा येतो. आमच्या वर्गातले दोघेजण ते बघून 'हाच धंदा करायचा' म्हणत होते, म्हणून हे गणित आपल्या भागात मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, दर मात्र खरे आहेत.

समजा सुरतेत 30 लाखांचा जुना फ्लॅट घेतला, 5 लाख लावून सुधारला आणि आठ महिन्यांनी 40 लाखांना विकला. टीव्हीचं गणित : 40 वजा 35, नफा 5 लाख.

आता राहिलेल्या ओळी भरू. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 30 लाखांवर 1,77,000 रुपये. (बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.) घेताना दलाली 1 टक्का धरली तर 30,000, विकताना 40,000. घरासाठी 24 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी काढलं असेल तर आठ महिन्यांचं व्याज 1,44,000. सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाइटबिल महिन्याला 2,000 धरून 16,000. पाच लाखांतून हे सगळं वजा केलं की उरतात 93,000. शिवाय दोन वर्षांच्या आत विकल्यामुळे होणारा नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. आणि हे सगळं गिऱ्हाईक वेळेवर मिळालं तर. ते चार महिने उशिरा आलं, तर आणखी 72,000 व्याज आणि 8,000 मेंटेनन्स जाऊन हातात 13,000 राहतात.

पाच लाख आणि तेरा हजार यांच्यामध्ये खोटं कुणीच बोललेलं नाही. काही ओळी फक्त दाखवलेल्या नाहीत.

तीस सेकंदांचं घर

आता पूर्ण कार्यक्रम बघायलाही वेळ नसतो. तीस सेकंदांची रील पुरते. आधीची कळकट खोली, एक चुटकी, नंतरची चकाचक खोली. खाली लिहिलेलं असतं : फक्त 90 हजारांत!

अशी रील बघताना एक साधी चौकशी करावी. बनवणाऱ्याला त्यातलं काय फुकट मिळालंय? 2021 पासून जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेने नियम केलाय की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायचं. म्हणून 'ॲड', 'कोलॅब', 'पेड पार्टनरशिप' अशी बारीक अक्षरं शोधायची. आयकर खात्यानेही हे ओळखलंय. जुलै 2022 पासून धंद्याच्या संदर्भात मिळालेल्या वस्तूरूप लाभाची किंमत वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेली, तर देणाऱ्याने 10 टक्के टीडीएस भरायचा असतो. खात्याच्या परिपत्रकात समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे : वस्तू वापरून परत केली तर लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. म्हणजे सरकारच्या दृष्टीने रीलमधला फुकटचा सोफा ही कमाई आहे, आणि आपण त्याला 'कमी बजेट' समजतो.

आमच्या घराचा हिशोब

काम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी कडियाने पप्पांना हाक मारली. सुरतेत गवंड्याला आम्ही मराठी लोकही कडियाच म्हणतो. बाथरूमच्या छताचं प्लास्टर त्याने हाताने ओढलं, ते चतकोर भाकरीसारखं खाली आलं आणि आतल्या गंजलेल्या सळ्या दिसल्या. "शेठ, ऊपर सीलिंग बाद में, पहले ये देखो," तो म्हणाला. सळ्या घासणं, केमिकल लावणं, परत भरणं, 24,000 रुपये.

मग फरशी. पप्पांचं म्हणणं, खाडीचं पाणी दरवर्षी येणार, तेव्हा जमीन दीड फूट उंच करू. मी म्हणालो, बजेटमध्ये नाही. ताईला हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आणि आतून लपलेले पिवळे दिवे हवे होते. तिचं चूक नव्हतं. तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि ती ओल धरलेली भिंत लपवायला कॅलेंडर लावत होती. त्या रात्री घरात मोठं भांडण झालं. पप्पा शेवटी म्हणाले, "पाणी खालून येतं गं, छतातून नाही." फॉल्स सीलिंग रद्द झालं, 30,000 वाचले. जमीन उंच केल्यावर छत असंही डोक्याशी आलं होतं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण सीलिंगचं स्वप्न तिला मीच दाखवलं होतं.

वायरिंगचं तर मी नावच लिहिलं नव्हतं. जुन्या तारा भिंतीतल्या ओलीने खराब झाल्या होत्या. इलेक्ट्रिशियनने नवी वायर, अर्थिंग आणि एमसीबीचे 28,000 सांगितले तेव्हा मी घासाघीस करायला लागलो. पप्पांनी मला गप्प केलं. सुरतेत आगीची गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 24 मे 2019 ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली 22 मुलं गेली. गच्चीवर परवानगीविना घुमटाकार छप्पर टाकून तो मजला केलेला होता, आणि बसायला टायर मांडलेले होते. दिसायला ती जागा नव्या धाटणीची असेल. जळायला मात्र क्षणभर लागला. मी तेव्हा आठवीत जाणार होतो. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आईने त्या आठवड्यात आपापल्या पोरांचे क्लास बघून घेतले होते.

बाकीच्या ओळी अशा : जुनी फरशी फोडून राडारोडा उचलणं 18,000. भराव 22,000. जमीन उंच झाल्यामुळे ड्रेनेजचे पाइप नव्याने टाकणं 16,000. तीन महिने पलीकडच्या गल्लीत 4,000 ची खोली आणि सामानाचे टेम्पो मिळून 14,000. वाढलेल्या दिवसांची मजुरी 27,000. आणि जीएसटी 13,000, कारण दुकानदाराने सांगितलेला भाव करासकट आहे की कराशिवाय, हे मी विचारलंच नव्हतं.

एकूण वाढ 1,62,000. सीलिंगचे 30,000 वजा करून 1,32,000. पप्पांची दीड लाखाची बचत आणि भिशीचे एक लाख आधीच संपले होते. मम्मीने काही न बोलता पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. महिना 1 टक्का व्याजाने दर महिन्याला 1,320 रुपये जातात. तेवढे रुपये किती साड्यांच्या स्टोनमधून येतात, ते मम्मीला पाठ आहे. मला ते विचारायची लाज वाटते.

मग शीट कशी करावी?

हे आपल्यापैकी बऱ्याचजणांच्या घरी कधी ना कधी येणार आहे, म्हणून मला आता जे कळलंय ते सांगतो.

आधी फोडा, मग आकडा काढा. ओल, सळ्या, पाइप आणि तारा बघितल्याशिवाय केलेलं बजेट हा अंदाजसुद्धा नसतो. शक्य असेल तर दिवसभराची मजुरी देऊन एका कोपऱ्याचं प्लास्टर आणि दोन फरश्या काढून बघाव्यात.

शीटचे दोन भाग करा : दिसणारं आणि न दिसणारं. न दिसणाऱ्यात छत, पाणी, ड्रेनेज, वायरिंग, राडारोडा, भाडं, वाहतूक, कर आणि व्याज. पैसे आधी या भागाला द्या. उरले तर सोफा.

अडचणीसाठी काही रक्कम बाजूला ठेवा, आणि तिला हात लावल्याशिवाय काम झालं तर देवाचे आभार माना. जुन्या घरात ती एकूण खर्चाच्या पाव हिश्शापेक्षा कमी नको. हा कुठल्या पुस्तकातला आकडा नाही, आमच्या अनुभवाचा आहे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लागली होती.

'बिल हवं की बिनबिलाचं?' या प्रश्नाला चटकन 'बिनबिलाचं' म्हणू नका. मजुरी आणि माल मिळून ठेका दिला तर 18 टक्के जीएसटी लागतो, हे खरं. पण बिल नसेल तर उद्या टाइल उखडल्यावर ग्राहक आयोगात दाखवायला तुमच्याकडे काय असणार? निदान कामाची यादी, दर आणि हप्ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे काम होईल तसे द्यावेत. आम्ही पहिल्याच आठवड्यात निम्मे पैसे दिले आणि मग ठेकेदार आठ-आठ दिवस गायब व्हायला लागला. पुढे त्याची दुसरी साइट सुरू झाली होती आणि आमच्याकडे त्याला बांधून ठेवायला काही उरलं नव्हतं.

मजला चढवायचा किंवा बाहेर बांधकाम वाढवायचं असेल तर पालिकेची परवानगी आधी घ्या. गुजरातेत 2022 च्या कायद्याने अनधिकृत बांधकाम 'इम्पॅक्ट फी' भरून नियमित करून घ्यायची सोय झाली, पण ती सरसकट नाही. आधी बांधू, मग बघू, हे बजेट नव्हे.

आणि कर्जाचं आधी विचारा. घराचे कागद पक्के असतील तर बँकेचं दुरुस्ती कर्ज सोन्यापेक्षाही सोयीचं पडू शकतं, कारण हप्त्यात मुद्दलही फिटत जातं. आम्ही घाईत होतो, कागद शोधायला वेळ नव्हता, आणि आता नुसतं व्याज भरतोय. मुद्दल जिथल्या तिथे.

फेब्रुवारीत फ्लाइंग राणीने घरी गेलो होतो. घर छान दिसतं, पण फोटो काढून टाकावा असं नाही. हॉलचं छत साधंच आहे, चुन्याचा पांढरा रंग. ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलंय, कारण लपवायला ओल नाही. पाहुणे येऊन गेले. त्यांनी चहा घेतला, पप्पांनी त्यांना जमीन किती उंच केली ते पायरीवर उभं राहून दाखवलं. त्यातल्या एका काकांनी लगेच विचारलं, "भराव कितीला पडला?" तेही डिंडोलीचे, त्यांच्याही गल्लीत पाणी येतं.

जून येतोय. आजी आता उंबऱ्यावर बसून खाडीच्या दिशेने बघते. मी शीटचं नाव बदलून त्यात एक नवी ओळ टाकली आहे : पाटल्या सोडवणे, 1,32,000. गेल्या महिन्यापासून मी इथे मुंबईत शाळेतल्या दोन मुलांची अकाउंट्सची शिकवणी घेतो. त्यातले पैसे त्या ओळीसमोर भरत जातो. या वेळी पैसा कोण देतंय, ते मला माहीत आहे.